ऊन गेलं, गारठा आला आणि मासे गायब, आता ल्युअर (नकली आमिष) कुठला लावू?

काठावरचा_बगळा:

मंडळी जरा मदत करा, डोक्याचा पार भुगा झालाय. बर्फ वितळून तळं मोकळं झालंय, लार्जमाउथ बास म्हणजे मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, त्याच्या मागे आहे, बोट नाहीये, सगळा कारभार काठावरून. तळ्याच्या एका अंगाला उथळ चिखलाचा कोपरा आहे, तिथे गेल्या सालचे वाळलेले लव्हाळे अजून उभे आहेत, आणि त्याला लागूनच एक दगडी सोंड पाण्यात गेलीय, तिच्या टोकाला एकदम खोल.

गेला आठवडाभर हवा काय छान होती, दक्षिणेचं वारं, अंगावर स्वेटरसुद्धा नकोसा, दुपारी त्या लव्हाळ्यात पांढरा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचा ल्युअर, टाकला की धाडकन झटका. शुक्रवारी रात्री गडगडून पाऊस पडला आणि शनिवारी बघतो तर आभाळ निळंशार, वारं उत्तरेचं, बोटं आखडतील एवढं गार. तोच कोपरा, तोच स्पिनरबेट आणि काही म्हणजे काही नाही. मग पेटीतलं एकेक काढून लावत बसलो, पुढच्या जिभेमुळे डुलत खाली जाणारा क्रँकबेट झाला, झटके देत चालवायचा जर्कबेट झाला, रबरी किडे झाले, हिरवा लाल जांभळा सगळं झालं. एक मित्र म्हणतो रंग चुकतोय, शार्ट्रूज म्हणजे पोपटी-पिवळा लाव. दुसरा म्हणतो हवेचा दाब चढला की मासा तोंडच उघडत नाही, सरळ घरी जा.

तर तुम्ही सांगा, हवा अशी फिरली की नेमकं काय बदलायचं, ल्युअर, रंग की जागा? आणि ते दाबाचं खरं आहे का, असेल तर दाब दाखवणारं अ‍ॅप टाकून घेतो.

तळठाव:

बगळेबुवा, आधी एक सांगा, पाण्याचं तापमान किती होतं? हवेचं नाही, पाण्याचं. दोरीला बांधून सोडायचा साधा थर्मामीटर जवळ ठेवा, वसंतात पेटीतल्या अर्ध्या ल्युअरपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

असं बघा, पाणी सगळ्यात जड असतं ४ अंश सेल्सिअसला. बर्फ गेलं की वरचं पाणी तापत तापत ४ ला येतं, खालचंही जवळपास तेवढंच असतं, मग जरा जोराचं वारं सुटलं की तळं वरपासून तळापर्यंत ढवळून निघतं. त्यानंतर आधी तापतं ते उथळ आणि काळ्या तळाचं पाणी, आणि उत्तर गोलार्धात असाल तर उत्तरेकडचा काठ, कारण दक्षिणेचं ऊन त्याच्यावर दिवसभर पडतं आणि उत्तरेच्या वाऱ्याला आडोसाही मिळतो. तुमचा चिखलाचा कोपरा आठवडाभराच्या उन्हात खोल पाण्यापेक्षा चांगला गरम झाला असणार, बारके मासे तिकडे सरकले आणि त्यांच्यामागे बास आले. पाणी १० अंशाच्या पुढे गेलं की बास विणीआधीची खादाडी करत उथळाकडे यायला लागतो, अंडी घालतो ते साधारण १५ ते २० च्या दरम्यान. या मधल्या काळात आपली चंगळ असते, आणि नेमकं याच काळात हवामान नाचवतं.

उथळ पाणी तापतं पटकन तसंच उतरतंही पटकन. आभाळ मोकळं, रात्र गार, वर उत्तरेचं वारं, म्हणजे सकाळपर्यंत दोन-चार अंश गेलेच समजा. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की त्याचं अंग गार, पचन मंद, हालचाल मंद. आदल्या दिवशी जो तीन-चार फुटांवरून धावून येत होता तो आता नाकासमोरून गेलं तरच तोंड उघडेल अशी गत. त्यात वर झगझगीत ऊन, म्हणून उघड्यावर थांबत नाही. एक तर जवळच्या खोल पाण्याच्या कडेला जातो, म्हणजे तुमच्या त्या सोंडेचं टोक, नाहीतर लव्हाळ्यांच्या सगळ्यात दाट भागात घुसून तळाला चिकटून बसतो.

म्हणून माझ्या मते आधी जागा, मग वेग, मग ल्युअरची जात, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, आधी रंग बदलत बसतात.

आता त्या शनिवारचं. मी असतो तर सोंडेच्या टोकाला जिग, म्हणजे डोक्याशी वजन असलेला हुक, टाकला असता. १० ग्रॅमचा नेहमीचा न लावता ५ ते ७ ग्रॅमचा, खाली हळू जाणारा, मागे छोटा रबरी तुकडा, फार हात-पाय न हलवणारा. उथळाकडून खोलाकडे उतरेल असा टाकायचा, तळ लागेपर्यंत लाईन जरा सैल सोडायची आणि मग ओढायचं म्हणजे रीलने नाही, रॉडच्या टोकाने, वीतभर. थांबायचं. परत वीतभर. दगडावरून घासत गेलेला बोटांना कळतो, खरखर लागते, दगडाच्या कडेवरून खाली पडला की क्षणभर लाईन हलकी होते, झटका बहुतेक तिथेच येतो. आणि झटका म्हणजे गार पाण्यात झटका नसतोच, नुसतं जड लागतं, पाला अडकल्यासारखं, किंवा लाईन पाण्यात शिरते ती जागा उगाचच बाजूला सरकायला लागते. म्हणून नजर तिथे ठेवायची, रॉडच्या टोकाकडे नाही. लाईन सरकली की विचार करत बसू नका, हाणा, म्हणजे रॉड झटक्यात खेचा.

स्पिनरबेट सोडायचा नसेल तर तोही चालेल पण पातं बदला. लांबट विलो पातं चमकतं जास्त आणि त्याला वेग लागतो, ते ऊबदार दिवसाचं काम. गार दिवशी गोल कोलोरॅडो पातं एकच लावा, ते पाणी जास्त ढकलतं, हळू ओढलं तरी फिरत राहतं, तळाच्या जरा वरून रांगत आणता येतं.

हलका_गळ:

तळठाव दादांचं सगळं पटलं फक्त दाबाचं राहिलं, त्यावर मी बोलतो. मी कितीतरी वर्षं बॅरोमीटर बघूनच बाहेर पडतो. दाब उतरत असताना, म्हणजे वादळ यायच्या आधीचे काही तास, मासा वेड्यासारखा खातो, आणि दाब चढून स्थिर झाला की एक-दोन दिवस सामसूम. हे इतक्या वेळा बघितलंय की कोणी काही म्हणो. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावर दाबाचा परिणाम होतो, तो अस्वस्थ होतो, साधी गोष्ट आहे. अ‍ॅप घ्याच.

रील_फिरकी:

हलका गळ, तुम्ही बघितलंय ते बरोबरच आहे, वादळाच्या आधी मासा खातो आणि नंतर बसतो हे मलाही मान्य. पण ते पिशवीचं कारण हिशोबाला बसत नाही.

हवेच्या दाबाचा १ हेक्टोपास्कल म्हणजे पाण्याची साधारण १ सेंटीमीटर खोली. चांगलं जोरदार वादळ गेलं आणि दाब २० हेक्टोपास्कलने हलला समजा, तर माशाला तो फरक किती वाटणार? २० सेंटीमीटर वर-खाली झाल्याएवढा. तोही काही तासांत हळूहळू. लव्हाळ्याच्या बुंध्यापासून वरचा किडा टिपायला मासा यापेक्षा जास्त वर येतो आणि लगेच खाली जातो, दिवसभर तेच चाललेलं असतं. त्याने जर त्याची तब्येत बिघडत असती तर अवघड होतं बिचाऱ्याचं.

मग बदलतं काय? दाबाबरोबर जे जे येतं ते. दाब उतरतो तेव्हा आभाळ झाकोळतं, वारं सुटतं, पाण्यावर लहरी उठतात, उजेड आत कमी शिरतो, बासला आडून शिकार करायला सोपं जातं, आणि वसंतात वादळाच्या पुढचं वारं बहुतेक ऊबदार असतं. दाब चढतो तेव्हा याच्या बरोबर उलटं, लख्ख ऊन, गार हवा, आणि एक-दोन दिवसांत वारं पडतं ते वेगळंच. आणि हे सगळं काठावर उभं राहून डोळ्यांनी दिसतं, त्याला अ‍ॅप कशाला. बगळ्याला मी तर म्हणेन थर्मामीटर घे आणि वाऱ्याची दिशा रोज लिहून ठेव.

हलका_गळ:

हिशोब बरोबर असेल तुमचा, पण ढग नाही वारं नाही, नुसता दाब हलला आणि मासा बंद झाला असे दिवसही मी बघितलेत. आपण आपले अ‍ॅपवाले.

लव्हाळी:

दाबावरून दर वसंतात हेच भांडण होतं आणि दर वेळी दोन्ही बाजू आपापल्या जागी खूश असतात, सोडा ते 😄

मी वारा आणि रंगावर बोलते कारण त्याबद्दल वर थोडंच आलंय. बगळे दादा, तो आठवडाभर दक्षिणेचा वारा होता ना, म्हणजे वरचं तापलेलं पाणी उत्तरेच्या काठाकडे ढकललं जात होतं, ज्या काठावर वारं येऊन आदळतं तिथे गरम पाणी साठतं, त्याच्याबरोबर पाण्यातले बारीक जीव, त्यांच्यावर जगणारे बारके मासे, मग मोठे. तुमचा कोपरा त्या बाजूला असेल तर तो नुसत्या उन्हाने नाही, वाऱ्यानेही भरलेला होता. वारं उलटं फिरल्यावर तो पुरवठा थांबला, उलट तेच वरचं पाणी आता तिथून बाहेर ढकललं जातंय. वारं असलेला काठ चांगला हा नियम लोक आंधळेपणाने पाळतात, पण तो ऊबदार वाऱ्याचा नियम आहे, लवकरच्या वसंतात उत्तरेचं बोचरं वारं असेल तर आडोशाची, ऊन लागणारी बाजू बघावी, तिथलं पाणी कमी उतरलेलं असतं.

आणि वेळ. पहाटे उठून जायची सवय उन्हाळ्यासाठी ठेवा. गारठ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सगळ्यात गार असतं, दुपारी दोन-तीनपर्यंत त्याच कोपऱ्यातलं पाणी दोन-तीन अंश चढू शकतं, एखादा ओंडका किंवा काळा दगड ऊन धरून असेल तर त्याच्या शेजारी आणखी थोडं. मी अशा दिवशी जेवूनच निघते. लोक थंडीत काकडून परत येत असतात तेव्हा माझी जायची वेळ.

रंगाचं म्हणाल तर तुमच्या त्या मित्राला सांगा की बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच जातीच्या असतात, एक लाल धरणारी, एक हिरवा धरणारी. लाल आणि हिरवा तो छान ओळखतो, पण शार्ट्रूज आणि पांढरा त्याला वेगळे करायला अवघड जातात, तसंच काळा आणि निळा. म्हणजे पांढरा काढून शार्ट्रूज लावला तर बदल तुमच्यासाठी झाला, त्याच्यासाठी फारसा नाही. मी तरी पाण्याकडे बघून ठरवते, नितळ असेल आणि ऊन असेल तर तिथल्या बारक्या माशांसारखा फिका, थोडा पारदर्शक रंग, गढूळ असेल तर एकदम गडद नाहीतर एकदम उजळ, म्हणजे आकार उठून दिसेल असं काहीतरी. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी मरतो असं जे सांगतात ते नितळ पाण्याचं झालं, कुजलेल्या पाल्याने चहाच्या रंगाचं झालेल्या पाण्यात उलट निळा आधी जातो.

गढूळ पाण्यात मासा डोळ्यांइतकाच अंगाच्या बाजूच्या त्या रेषेने पाण्याची थरथर ओळखतो, तिथे पात्याचा धपधप आवाज नाहीतर खुळखुळा असलेला क्रँकबेट रंगापेक्षा जास्त काम करतो.

काठावरचा_बगळा:

वा, एवढं सगळं! तळठाव दादा, थर्मामीटर आजच शोधतो. लव्हाळी ताई, कोपरा उत्तरेच्याच बाजूला आहे, बरोबर ओळखलंत.

एक उपप्रश्न. जर्कबेट मी त्या दिवशी टाकला होता, पाण्यात जागच्या जागी थांबणारा म्हणून मिळतो तो. पण थांबवला की हळूहळू वरच येत होता, उन्हाळ्यात हाच व्यवस्थित थांबायचा. बिघडलाय का? आणि परत ऊन पडलं की लगेच स्पिनरबेट की वाट बघायची?

रील_फिरकी:

बिघडला नाहीये. गार पाणी जड असतं म्हणून तो वर येतो. २० अंशाच्या पाण्यापेक्षा ५ अंशाचं पाणी दर हजार ग्रॅममागे पावणेदोन ग्रॅमने जड, ऐकायला काहीच वाटत नाही पण थांबणारा जर्कबेट इतका काट्यावर तोललेला असतो की तेवढ्याने तो तरंगायला लागतो. पुढच्या हुकच्या दांड्याला बारीक शिशाची तार दोन-तीन वेढे गुंडाळा, किंवा पोटाला चिकटवायच्या शिशाच्या पट्ट्या मिळतात त्यातला छोटा तुकडा लावा. आणि तपासायचं ते तळ्याच्याच पाण्यात, काठाशी, बादलीतल्या कोमट पाण्यात तपासून काही कळणार नाही. अगदी स्थिर नाही झाला तरी चालेल, किंचित नाक खाली करून उभा राहिला तर मला जास्त आवडतो.

लाईन कुठली लावलीय तेही बघा. ब्रेड म्हणजे विणलेली लाईन पाण्यावर तरंगते, ल्युअरला वर खेचते. फ्लुओरोकार्बन बुडते, या कामाला तीच बरी. नायलॉन मधली, किंचितच बुडते.

आणि चालवताना दोन हलके झटके आणि मग थांबा, खरंच थांबा. पाणी १० च्या खाली असेल तर दहा सेकंद, वीस सेकंद, कंटाळा येईपर्यंत. मासा त्या थांब्यातच घेतो. बहुतेकांचा हात तिसऱ्या सेकंदाला शिवशिवायला लागतो आणि मग म्हणतात जर्कबेट चालत नाही.

तळठाव:

ऊन परत पडल्यावर काय हा प्रश्न चांगला आहे. एका दिवसाच्या उन्हाने हुरळून जाऊ नका. पहिल्या दिवशी दुपारनंतर मासा सोंडेच्या टोकावरून लव्हाळ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत येतो, आत लगेच शिरत नाही. तिथे मी लिपलेस क्रँकबेट टाकतो, तो जिभेशिवायचा, बुडणारा, आत छर्रे खुळखुळणारा. तळाशी नवीन गवताचे कोंब यायला लागलेले असतात, त्यांच्यावरून चाटत आणायचा, कोंबात अडकला की वैतागून रील फिरवू नका, रॉडने एक हिसका द्या, सुटून वर उसळतो आणि परत डुगडुगत खाली जातो, त्या सुटण्याच्या क्षणी घेतात. पाणी परत आधीच्या आकड्याला आलं की मग तुमचा पांढरा स्पिनरबेट आणि तुमचा कोपरा. दिवस मोजू नका, आकडा बघा.

ढग असलेला गारठा आणि लख्ख उन्हाचा गारठा यात फरक करा हेही सांगायचं राहिलं. हवा गार झाली पण आभाळ भरलेलं आहे, झिमझिम चालू आहे, तर रात्रीत पाणी फारसं उतरत नाही आणि मासा उघड्यावरही फिरतो, अशा दिवशी घरी बसणारे बरेच आहेत आणि ते माझ्या फायद्याचंच आहे म्हणा. पावसाचं एक वेगळंच, ओढा येऊन मिळतो तिथे बघा, पावसाचं पाणी तळ्यापेक्षा गरम असेल तर मुखाशी गर्दी होते, पण डोंगरावरचं बर्फ वितळून येत असेल तर तेच मुख सगळ्यात गार, तिथे वेळ घालवू नका.

जुना_कोळी:

सगळे ल्युअरवर बोलताय, दोन गोष्टी मी टाकतो. गडगडाट ऐकू आला की काठावरून उठायचं, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि आपण तो उघड्यावर उभा धरून बसलेलो असतो, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय परत यायचं नाही. वादळाआधी मासा खातो म्हणून तिथेच चिकटून राहणारे हलका गळ यांच्यासारखे वीर मी बघितलेत. आणि त्या दगडी सोंडेवर शेवाळ असतं, हवा गरम झाली तरी पाणी गारच असतं, १५ अंशाच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिल्यांदा श्वासच अडकतो, पोहता येणाऱ्याचाही. लाईफ जॅकेट बोटवाल्यांसाठीच असतं असं नाही.

दुसरं, पाणी १५ च्या पुढे गेलं की उथळात तळावर ताटाएवढ्या साफ केलेल्या गोल जागा दिसतील, नर तिथे अंड्यांवर राखण करत असतो. काहीही टाकलं तरी घेतो कारण तो हाकलत असतो. त्याला ओढून काढलं की तेवढ्यात बाकीचे मासे अंडी फस्त करतात. पुष्कळ ठिकाणी या काळात बंदी असते, आपल्या तळ्याचा नियम आधी वाचा, आणि बंदी नसेल तरी माझं मत विचाराल तर त्या गोलांवर गळ टाकू नये. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा.

हलका_गळ:

कोळीकाका, वीज कडकडायला लागली की मी पहिला पळतो, नाव घेऊ नका उगाच 😄 आधीचे चार तास म्हणतोय मी.

काठावरचा_बगळा:

आज दुपारी जेवून गेलो, ताईंच्या वेळेला. थर्मामीटर मिळाला. लव्हाळ्यात ९, सोंडेच्या टोकाला खाली सोडला तर ८, म्हणजे फार फरक राहिलाच नाहीये. ६ ग्रॅमचा जिग, हिरवट तपकिरी. बराच वेळ नुसते दगड मोजले, मग एका ठिकाणी लाईन डावीकडे सरकायला लागली, हाणला, आला. मोठा नव्हता पण अंग इतकं गार की हाताला झिणझिण्या. नंतर त्याच दगडावर अजून एक लागला, काठाशी आणता आणता सुटला.

उद्यापासून परत दक्षिणेचं वारं आहे म्हणतात. कोलोरॅडो पातं काढू का ठेवू?

तळठाव:

ठेवा. पाणी १२ ला जाईपर्यंत ठेवा.